चांदबीचा पास

सकाळच्या मेमू लोकलमध्ये बायांच्या डब्यात मला सगळ्या वचकून असतात. कौतुकाने सांगत नाही, आहे ते सांगते. नांदुऱ्याहून अकोल्याला रोजचं जाणं-येणं, म्हणजे आमच्या भाषेत अपडाउन, मी अकरा वर्षं करते आहे. या अकरा वर्षांत खिडकीवरून, पिशवीवरून, चार बोटं जागेवरून मी भांडले नाही अशी बाई त्या डब्यात शोधून सापडायची नाही. माझं नाव रेणुका. अकोल्याच्या एका खाजगी कॉलेजात कारकून आहे. अर्ज, दाखले, पोचपावत्या हेच दिवसभर, म्हणून कागदावर शुद्ध लिहिते. तोंड उघडलं की मात्र वऱ्हाडीच येते, आणि तिखटच येते.

चांदबी तेवढी मला घाबरायची नाही. "काय वं रेणुका, सकायी सकायी मिरच्या खाऊन आली का?" असं म्हणत ती माझ्या मानेच्या शिरेवर अंगठा दाबायची, आणि मी भांडता भांडता गप्प व्हायचे. त्या अंगठ्यात जोरच तसा होता. चांदबी बाळ-बाळंतिणीची मालिश करायची. अकोल्यात तिची पाच घरं होती. पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं, तिळाच्या तेलाने अंग रगडायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेगडीवर ओव्याची धुरी द्यायची, मग बाळंतिणीची कंबर. सव्वा महिना झाला की ते घर सुटायचं आणि दुसरं लागायचं. घर कधी कमी पडलं नाही, कारण एकीची मालिश झाली की तीच आपल्या नणंदेला सांगायची, जावेला सांगायची.

माझा धाकटासुद्धा तिच्याच पायांवर न्हाला आहे. तो झाला तेव्हा चांदबी सव्वा महिना रोज गाडीच्या आधी, पाच वाजता माझ्या दारात उभी असायची. पोरगं आधी बोंबलायचं आणि मग तिच्या पायांवरच झोपून जायचं. "पाह्य, मायसारखं भांडकुदळ हाय, पन लवकर थंड होते," असं ती म्हणायची.

वयाने ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. नवरा शाकिरभाई सायकली दुरुस्त करायचा. तो वारला त्याला आठ वर्षं झाली. पोरगी फिजा देऊळगाव राजाला दिलेली. चांदबीला मराठी वाचता येत नाही. सही करते ती उर्दूत, जीभ दाताखाली धरून, सावकाश. कुठलाही कागद आला की समोरच्याला म्हणायची, "आधी वाच. मग सही करतो." दवाखान्याची चिठ्ठी असो की गॅसची पावती, न वाचता तिने कधी सही केली नाही. आणि पासाच्या बाबतीत तर ती इतकी काटेकोर होती की आम्ही तिची टिंगल करायचो. पास आज संपला आणि पासाच्या खिडकीवर गर्दी असली, तर बाई दुसऱ्या दिवशी साधं तिकीट काढून गाडीत बसणार. "फुकट बसलं तं जागा टोचते वं," म्हणायची.

आता ती दसऱ्याची गोष्ट सांगते. मागचाच दसरा.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याचं पोट ज्या हत्यारावर चालतं त्याची पूजा होते. सुतार करवत मांडतो, शिंपी मशीन पुसतो. मलकापूरहून येणारी अनुपमा बँकेत आहे. तिने सहा वर्षांपूर्वी टूम काढली की आपण अपडाउनवाल्या, आपलं हत्यार पास, तर पासांची पूजा करू. तेव्हापासून दर वर्षी डब्यात ताट फिरतं. सगळ्या आपापला पास ताटात ठेवतात, हळद-कुंकू होतं, झेंडूची फुलं, मग पेढा. मी बौद्ध, घरी कसली पूजा करत नाही, दसऱ्याला आम्ही विहारात जातो. चांदबी मुसलमान. पहिल्या वर्षी अनुपमा तिच्यापुढे ताट धरायला संकोचली, तर चांदबीनेच पास काढून ठेवला. "गाडीले कोनता धरम वं? ती तं सगळ्याइले सारखाच उशीर करते." डबाभर बाया हसल्या होत्या. त्यानंतर तिचा पास नसला तर अनुपमा पूजा सुरू करायची नाही. या दसऱ्याच्या आदल्या वर्षी तर अनुपमाने सगळ्यांना पासासाठी प्लास्टिकची एकसारखी पाकिटं वाटली होती.

त्या दिवशी माझा पास संपून दोन दिवस झाले होते. पैसे नव्हते असं नाही. विसरलेही नव्हते. खिडकीवर रांग होती, उद्या काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. नवरात्रात कोण तपासतं बाप्पा! आणि मी कोण? मी तीच, जिने आठ दिवसांआधी विनातिकीट सापडलेल्या एका कॉलेजच्या पोरीला सगळ्या डब्यादेखत झाडलं होतं, "तुह्या बापाची गाडी हाय का?" म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ताट आलं. पास ठेवला नसता तर सगळ्यांनी विचारलं असतं, म्हणून मी तो मेलेला पासच ठेवला. कोण तारीख पाहतं? चांदबीने तिचा माझ्या पासावर ठेवला. "कालच नवा काढला. तीन महिन्याचा. आता डिसेंबर सरेपर्यंत घोर नाई," असं म्हणाली. पूजा झाली. नदीचा पूल आला तशी अनुपमाने फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीतून सोडली. पास ताटातच होते. त्या टोकाला एका बाईचं बाळ रडत होतं, म्हणून चांदबी उठून तिकडे गेली आणि त्याचं पोट चोळत बसली.

शेगावला टीसी बाई चढली. नवी होती, आधी कधी पाहिलेली नव्हती. "पास, तिकीट काढून ठेवा," म्हणाली आणि दारापासूनच सुरू झाली. सगळ्यांचे हात ताटात पडले. मी ताटाच्या शेजारीच बसलेली. वर चांदबीचा पास, खाली माझा. मी दोन्ही उचलले. माझा पर्समध्ये सारला. चांदबीचा हातात ठेवला. त्यावरचं नाव मी वाचलं. वाचलं, आणि त्या नावावर अंगठा ठेवून पास पुढे केला.

गोंधळात झालं, पाकिटं सारखी होती, कळलंच नाही, असं मी पुढे स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. पण अंगठा चुकून नेमका नावावर पडत नाही.

टीसी बाईने तारीख पाहिली आणि पुढे गेली. तो पासही मी पर्समध्ये टाकला. तेवढ्यात मनात काय आलं होतं तेही सांगते. चांदबी निभावून नेईल, असं आलं होतं. ती खमकी आहे, तिला सगळे ओळखतात, ती बोलून सुटेल. मी सापडले तर डबा मला तोंड वर काढू देणार नाही. ज्या बाईला ओझं पेलतं तिच्याच डोक्यावर आपण ठेवतो, तसं मी ठेवलं.

चांदबी हात पुसत आली आणि ताटात पाहू लागली. ताटात कुंकू होतं आणि दोन पेढे. तिने ताट उचलून खाली पाहिलं, बाकाखाली वाकून पाहिलं. "माहा पास कोठी गेला वं?"

"पास दाखवा, मावशी," टीसी बाई म्हणाली. आवाज काही वाईट नव्हता तिचा.

"ह्या ताटात ठेवला होता, मॅडम. पूजेले. कालच काढला. ह्या रेणुकानं पाह्यलं ठेवतांनी. सांग वं रेणुका."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. पास माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स माझ्या मांडीवर. तेव्हासुद्धा पर्स उघडून "अवं माय, माह्यापाशीच आला की चुकून!" म्हणता आलं असतं. हसण्यावारी गेलं असतं. पण मग बाईने माझा पास मागितला असता. मी म्हटलं, "हो, ठेवला होता. मी पाह्यला."

अनुपमाचं तोंड पांढरंफटक पडलं. "फुलांबरोबर तर नाही ना गेला? पुलावरून?"

मी म्हटलं, "गेला असन."

ते माझं पहिलं खोटं. त्याआधी जे केलं ते हाताने केलं होतं.

टीसी बाई म्हणाली, "मावशी, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण पास जवळ पाहिजे, हा नियम आहे. पूजेत असून चालत नाही. भाडं आणि वर अडीचशे, पावती देते." अनुपमा पर्स उघडून म्हणाली, "मी भरते, माझ्या हातून गेलंय." चांदबीने तिचा हात धरला. "थांब. पैशाचं नाई हे. मॅडम, त्या पावतीवर काय लिवसान?"

"विनातिकीट प्रवास."

"मंग मी नाई भरत. माह्यापाशी पास हाय."

अकोल्याला तिला रेल्वे पोलिसांच्या खोलीत नेलं. बाकी बाया आपापल्या कामाला पळाल्या. मीसुद्धा. सही आठ वाजता मारावी लागते, हे माझं कारण. मागून कळलं की त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि एवढंच सांगितलं की भरायचं नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागेल. बाई तिथे दहा वाजेपर्यंत बसून राहिली. तिकडे अकरा दिवसांचं एक बाळ न न्हाता रडत होतं आणि त्याची आजी फोनवर फोन करत होती. शेवटी त्या बाळासाठी तिने पैसे भरले आणि पावती घेतली.

ती पावती घेऊन संध्याकाळी ती माझ्या घरी आली. मी चहा ठेवायला आत गेले. पास कपाटात होता, धाकट्याच्या जन्मदाखल्याच्या फायलीत. आज देऊन टाकू असं ठरवूनच मी कॉलेजातून आले होते. पण ती आली, बसली आणि म्हणाली, "तू तरी खरं बोलली, रेणुका. तू सांगतलं नसतं तं मी एकटी पडली असती." आता यावर कपाट कसं उघडायचं?

"अर्ज लिव," ती म्हणाली. "हे पैसे मले वापस नाई पाहिजे. हे 'विनातिकीट' जे लिवलं ते खोडा म्हना. अन् ते खोडल्याबिगर मी गाडीत पाय ठेवनार नाई."

"अवं, नवा पास काढ न. अर्ज चालते आपला मागून."

"नवा काढला म्हंजे मी मान्य केलं ना, का जुना नव्हता म्हनून."

मी अर्ज लिहिला. माननीय महोदय, मी खालील सही करणार. पासाची तारीख, तीन महिन्यांची मुदत, पूजेचं ताट, सगळं व्यवस्थित मांडलं. तपासणीत पास का दाखवता आला नाही ते लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, 'सदर पास निर्माल्यासोबत नदीपात्रात पडला असावा.' माझं अक्षर चांगलं आहे. कॉलेजात सगळे नाव काढतात. त्या चांगल्या अक्षरात मी ते लिहिलं. मग तिला वाचून दाखवलं, तिने जीभ दाताखाली धरून सही केली, आणि दसऱ्याची सुट्टी संपताच मी तो अर्ज स्वतः पोस्टात टाकला.

चांदबी एसटीने जाऊ लागली. एसटीत बायांना अर्धंच तिकीट, पण खामगाववरून फिरून जायचं म्हणजे अकोला गाठायला नऊ-साडेनऊ. बाळाचं न्हाणं कुणी तोवर थांबवत नाही. लवकर न्हालं की बाळ दोन-तीन तास झोपतं आणि बाळंतिणीचाही डोळा लागतो. ऊन चढल्यावर आलेली मालिशवाली काय कामाची? पहिल्याच महिन्यात तीन घरं सुटली. नवी लागली नाहीत. फिजाने देऊळगावहून फोन करून सांगितलं, "अम्मी, जाने दो, भूल जाओ." चांदबीने तिलाच झापलं. मला म्हणाली, "माह्या हातात लोकं आपली आठ दिवसाची लेकरं देतात, रेणुका. इस्वासावर देतात. चोर म्हनून कागद घरात ठेवून मी कोनाच्या लेकराले हात लावू?"

मी म्हटलं, "कोन चोर म्हनते तुले?"

"कागद म्हनते न."

डब्यात तिची जागा रिकामी राहायची. कुणी बसलं की मी उठवायचे नाही, पण सुखाने बसूही द्यायचे नाही. अनुपमाचं तर हसणंच गेलं. ती मला एकदा म्हणाली, "रेणुकाताई, मला रोज ते फुलांचं पुडकं दिसतं. मी उलगडून का पाहिलं नाही?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं मी आणि खवखव त्या बिचारीला. घरी मला भाकर गोड लागेना. पोरांवर ओरडायचं मी बंद केलं, तर नवरा विचारायला लागला, बरं वाटत नाही का. दोनदा मी तो पास गॅसपाशी नेला, जाळून टाकावा म्हणून. जाळता आला नाही. देताही आला नाही. पहिल्या दिवशी दिला असता तर एक चूक सांगावी लागली असती, आता एवढ्या सगळ्या दिवसांचा जाब द्यावा लागणार होता. असं म्हणत म्हणत मी अजून दिवस घालवत होते.

सहाव्या आठवड्यात रेल्वेचं उत्तर आलं. चांदबीचा फोन आला, "कागद आला, येऊन वाच." कॉलेजातून येताना मी सरळ तिच्याकडे गेले. उत्तर सभ्य होतं. तपासणीच्या वेळी वैध पास सादर झाला नाही, म्हणून आकारणी नियमानुसार आहे. तथापि मूळ पास व घटनेचा साक्षीदार उपलब्ध असल्यास स्थानकावर सादर करावा, विचार करता येईल.

"म्हंजे पास सापडला तं होते?"

"हो. विचार करतीन."

तिचं तोंड खुललं. "मंग मी करून राह्यली तेच बराबर हाय." तिने साडी जराशी वर केली. दोन्ही पायांना पोटरीपर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही ताजे, एका टाचेला चिंधी बांधलेली.

"अवं माय! हे काय झालं?"

"नदीत जातो न मी. पुलाखाली. आता पानी उतरलं. बेशरमाची झुडपं हायेत तठी, त्याच्यात फुलं-कागद अटकते. प्लास्टिकचं पाकीट हाय म्हटलं, सडनार नाई. भोयी लोकाइले पन सांगून ठेवलं, का जाळ्यात काही आलं तं फेकू नका म्हनून."

"कवापासून जातं?"

"अर्ज लिवला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तूच लिवलं होतं न, नदीत पडला म्हनून."

एसटीने अकोल्याला जायची, दुपारी परत यायची आणि मग नदीत उतरायची. चाळीस दिवस. पन्नाशी उलटलेली बाई. मी तिच्या घरून कशी निघाले ते मला आठवत नाही. रस्त्यात मोटारसायकलवाल्याने शिवी दिली, तीसुद्धा मी ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात दुपारच्या सुट्टीत मी दार लावून कोरा कागद घेतला. डबा उघडलाच नाही. चार वेळा लिहिला. पहिल्या तीन वेळा माझी सवय मला सोडेना. 'अनवधानाने', 'गर्दीमुळे', 'सदर पास माझ्याकडे आल्याचे नंतर निदर्शनास आले'. अर्जाच्या भाषेत माणसाला लपायला फार जागा असते. चौथ्या वेळी मी बोलल्यासारखं लिहिलं.

रविवारी दुपारी मी चांदबीकडे गेले. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून पाट सरकवला. "काय आनलं?"

"अर्ज आनला."

"आधी वाच," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मी वाचू लागले. "मी रेणुका, राहणार नांदुरा. खंडेनवमीच्या दिवशी माझा पास दोन दिवस आधी संपलेला होता. ताटात चांदबी यांचा पास माझ्या पासावर होता. तपासणी आली तेव्हा मी त्यांचा पास उचलला. त्यावरचं नाव मी वाचलं होतं. नावावर अंगठा ठेवून मी तो पास माझा म्हणून दाखवला. पास नदीत पडला नाही. तो त्या दिवसापासून माझ्या घरी आहे. आधीच्या अर्जात नदीचं मी लिहिलं, ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं. चांदबी यांनी विनातिकीट प्रवास केला नाही. विनातिकीट मी होते."

मेथी निवडणारे हात थांबले होते. मी पर्समधून पास काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही.

"ते अंगठ्याचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"माहं नाव वाचून ठेवला अंगठा?"

"हो."

"भुलून नाई?"

"नाई."

मला वाटत होतं तिने मारावं. तिच्या हाताचा जोर मला माहीत होता, एक लगावली असती तर मी भुईसपाट झाले असते आणि मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुहा पास संपला होता तं मले सांगतलं असतं, रेणुका. मी तुहा दंड भरला असता. हासत भरला असता."

मग मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज निघत होता. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यात पाणी आलं की पहिला हात तिचा पुढे यायचा. तो आला नाही. ती म्हणाली, "कागद बाजूले घे. पानी पडन त्याच्यावर."

मी कागद बाजूला घेतला.

"आता सही कर. माह्या समोर कर."

मी केली. तिने कागद घेतला, घडी घातली, पास त्यात ठेवला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन पुन्हा मेथी पुढे ओढली. "उद्या सकायी टेसनावर ये. साक्षीदार लागते म्हने."

सोमवारी मी पोचले तेव्हा ती आधीच स्टेशन मास्तरांच्या खोलीबाहेर उभी होती. पायात चपला, टाचेला तीच चिंधी. साहेबांनी जुन्या अर्जाची नक्कल आणि माझा नवा अर्ज वाचला, रेल्वेचं उत्तर वाचलं, पास उलटसुलट करून पाहिला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही, तेवढं एक केलं. ते म्हणाले, अर्ज पुढे पाठवतो, वेळ लागेल, पण पास खरा आहे एवढं मी शेऱ्यात लिहितो. तुमच्यावर काय करायचं ते वरचे ठरवतील. मी हो म्हटलं. चांदबीने विचारलं, "मंग आज मी गाडीत बसू शकतो का, साहेब? ह्या पासावर?"

"बसा ना. मुदत आहे अजून."

तिने पास मुठीत धरला. बाहेर मेमू येत असल्याचं भोंग्यावर सांगत होते. साहेबांनी जबाबाचा कागद पुढे ओढला, माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन थांबवून चांदबीला विचारलं, "आणि या तुमच्या कोण लागतात?"

चांदबीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाई जी," ती म्हणाली. "एका डब्यात बसत होतो."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं आणि खाली मला सही करायला सांगितलं. मी केली.